सतराव्यासमोरचा ५

स्कॉटलंडला गोल्फ खेळायला जायचंय. कागदावर सतराव्या होलसमोर लागतील तेवढे फटके म्हणून ५ लिहिला. दादाने पाहिला आणि एवढंच म्हणाला, ‘‘पार चार आहे ना तिथे? मग जातोस कशाला एवढ्या लांब?’’ पार म्हणजे चांगल्या खेळाडूला लागायला हवेत तेवढे फटके. तेव्हा हसलो. आता साडेअकरा वाजलेत आणि तेच वाक्य घोळतंय.

खेळायच्या आधीच बोगी, पारपेक्षा एक जास्त, लिहून ठेवणं म्हणजे हार मानणं का?

हिशेब तर चोख आहे. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या मैदानाचं सतरावं, रोड होल. ओपन या मोठ्या स्पर्धेसाठी ४५५ यार्डांचं होतं, २०१० ला टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, ४० यार्ड मागे नेली. मधल्या टीवरून बरंच कमी, तरी माझ्या दोन फटक्यांत बसत नाही. मुळात टीवरून काही दिसतच नाही. समोर जुन्या रेल्वे शेडच्या आकाराची हिरवी इमारत, तिच्यावर हॉटेलचं नाव. त्या नावातलं एक अक्षर धरायचं आणि त्यावरून चेंडू मारायचा. अक्षर कोणतं ते वाऱ्यावर. वारा डावीकडून असेल तर आणखी डावीकडचं, कारण उजव्या हाताला हॉटेलची हद्द आहे आणि पलीकडे गेलेला चेंडू आपला नाही.

म्हणून सगळे डावीकडे पळतात. मीही पळालो असतो. पण खरी फसगत तिथेच आहे. ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, लांबट, अरुंद, उंचावर आणि तिरपं. डावीकडून आलात तर रोड बंकर हा वाळूचा खड्डा बरोबर मध्ये येतो आणि त्यामागे चेंडू थांबायला जागाच उरत नाही. फेअरवेच्या, टी ते ग्रीन कापलेल्या पट्ट्याच्या, उजव्या कडेवरून तेच ग्रीन लांबीत उघडतं. म्हणजे टीवर जेवढी भीती पत्करायची, तेवढा दुसरा फटका सोपा. हे दादाला कसं सांगणार? त्याला आकडा दिसतो, बाजू दिसत नाही.



दुसरा फटका ग्रीनवर नाहीच. पाच आयर्न या काठीने, ग्रीनच्या उजव्या तोंडासमोर, अलीकडेच थांबेल असा. उरतात साठ-सत्तर यार्ड. इथे हात आपोआप वेजकडे, चेंडू उंच उडवणाऱ्या काठीकडे, जातो. पुण्यात पावसाळ्यात चेंडू पडतो तिथेच बसतो, त्याची ही सवय. तिथली जमीन कडक. उंच पडलेला चेंडू टणकन उडून मागच्या उतारावरून डांबरी रस्त्यावर जातो. त्या रस्त्यावरून फुकट सुटका नाही, आहे तसा खेळायचा. डांबरावर वेजचा तळ उसळतो आणि पातं चेंडूच्या पोटात बसतं. मागे दगडी भिंत. १९८४ ला टॉम वॉटसनचा दोन आयर्नचा फटका इथेच आला होता, सहावी ओपन जिंकायच्या आशेसह. त्यामुळे तिसरा फटका आठ आयर्नने, बुटका, घरंगळत चढवायचा. मग दोन पट, म्हणजे ग्रीनवरून भोकाकडे घरंगळवायचे फटके. झाले पाच. पहिलाच पट भोकात गेला तर चार.

असं लिहिलं की किती शहाणपणाचं वाटतं! आणि तरी टोचतं. ५ हा आकडा काय वाईट आहे? पण आधीच लिहिलेला ५ वेगळा असतो, आणि खेळून आलेला वेगळा. की नसतो?

त्या बंकरचं तोंड लहान, पण भोवतीचा उतार बराच लांबून चेंडू ओढतो. समोर गवताच्या थरांची उभी भिंत. चेंडू भिंतीला टेकला तर मागे किंवा आडवा काढायचा, एक फटका गेला असं समजायचं. न समजणाऱ्यांची यादी मोठी आहे. १९७८ ला नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होता. तिथून पट केला तो चेंडू बंकरमध्ये. बाहेर यायला चार फटके, एकूण ९. २००० ला दुव्हालचेही तिथे चार गेले. ही माणसं आपल्यापेक्षा किती बरी खेळतात, हे लिहायचीही गरज नाही.

पण मघापासून २०२२ चा कॅमेरॉन स्मिथ आठवतोय. शेवटचा दिवस, आघाडीवर, चेंडू ग्रीनच्या अलीकडे, आणि झेंडा बंकरच्या बरोबर मागे. वेजने बंकरवरून उचलायचा मोह कुणालाही झाला असता. त्याने पटर, पट करायची काठी, काढला. झेंड्याकडे नव्हेच, बंकरला वळसा घालून, उतारावरून चेंडू वर चढवला. उरले दहाएक फूट, तेही घातले. चार. एका फटक्याने ओपन जिंकला.

त्याला कुणी विचारलं नसेल, मग आलास कशाला.

अर्थात तो स्मिथ. मी वळसा घातला तरी दहा फुटांचे तीस उरतील, ही खात्री आहे. हसू येतंय आता, बरं वाटलं.

रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो, लोक नुसते फिरायला येतात. तेव्हा ग्रीनच्या उजव्या तोंडापासून रस्त्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजून यायचं. बंकरमध्ये उतरायचं नाही. ५ खोडला नाही. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: उजवीकडून, आठ आयर्न, वेज पिशवीतच. आणि चार आलाच तर दादाला लगेच सांगायचं का दोन दिवस थांबून, ते काही ठरत नाहीये.