सुईने दिलेले अर्धे उत्तर

मानेच्या डाव्या बाजूला आलेली, न दुखणारी आणि बोटाला रबरासारखी लागणारी गाठ घेऊन मी पहिल्यांदा कर्करोगतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा फाइलमध्ये सुईच्या तपासणीचा, म्हणजे एफएनएसीचा, अहवाल होता आणि त्यात ‘लिम्फोमाची शंका’, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाची शंका, एवढेच लिहिलेले होते. हो की नाही, याचे उत्तर घेतल्याशिवाय उठायचे नाही असे मी ठरवून गेले होते. ते उत्तर त्या दिवशी मिळाले नाही.

डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला आणि आधी मलाच विचारायला सुरुवात केली. ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर जातो का, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम येतो का, गेल्या ६ महिन्यांत वजन १० टक्क्यांहून अधिक उतरले का, अंगाला खाज सुटते का. घाम येत होता. पण त्याचे खापर मी उकाड्यावर फोडून मोकळी झाले होते. त्यानंतर त्यांनी मान, काखा आणि जांघा चाचपल्या, प्लीहा वाढली आहे का ते पोटावर हात दाबून पाहिले आणि हाताला लागलेल्या प्रत्येक गाठीचे माप लिहून ठेवले. मध्येच स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत का, हे त्यांनी दोनदा विचारले. त्या गोळ्यांनी लिम्फोमाच्या गाठी तात्पुरत्या आक्रसू शकतात आणि मग बायोप्सीतून नेमके निदान करणे अवघड होते, हे मला तेव्हा कळले.

मग अहवालाची पाळी आली. “सुईत विटा आल्या आहेत, भिंत कशी रचली होती हे पाहायला अख्खी गाठ काढावी लागेल,” असे ते म्हणाले. लिम्फोमाचे अनेक प्रकार आहेत आणि ते ओळखताना पेशी कशा दिसतात याइतकेच त्या कशा मांडल्या आहेत यालाही महत्त्व असते. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये वर्णन केलेल्या आजारात तर ज्या मोठ्या पेशींवरून निदान होते, त्या गाठीत सहसा मूठभरच असतात, बाकी सारी गर्दी निरुपद्रवी पेशींची असते. त्यामुळे सुईच्या टोकाला त्या सापडतीलच असे नाही. मला हे पटले, तरी राग आलाच. आधीची तपासणी वाया गेली, असे त्या क्षणी वाटले.

गाठ जागा बधिर करून काढली. ‘कापले की पसरते’ असे बजावणाऱ्या नातेवाइकांचे म्हणणे मी डॉक्टरांपुढे ठेवले होते आणि त्याला आधार नाही हे त्यांनी एका वाक्यात सांगितले. वाट पाहणे मात्र लांबले, कारण गाठीचे पातळ काप रंगवून पाहिल्यानंतर पेशींवरील खुणा शोधणारी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही आणखी एक पायरी असते. त्यात सीडी३० आणि सीडी१५ या दोन्ही खुणा सापडल्या. सुईच्या अहवालात नसलेले नाव आता लिहिता येत होते: क्लासिकल हॉजकिन लिम्फोमा.

आजार शरीरात कुठे कुठे आहे हे दाखवणाऱ्या पेट-सीटी स्कॅनच्या दिवशी ६ तास उपाशी राहिले. किरणोत्सारी साखरेचे इंजेक्शन दिल्यावर तासभर गप्प पडून राहायचे होते, कारण बोलण्याने वापरले जाणारे स्नायूही ती साखर ओढून घेतात. माझ्यासारख्या बोलघेवडीला तो तास सुईपेक्षा जड गेला.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी चित्रे दाखवली. मानेत आणि छातीच्या मध्यभागी गाठी होत्या, श्वासपटलाच्या खाली काही नव्हते, म्हणून टप्पा दुसरा. आणि हाडांत काही उजळले नसल्याने अस्थिमज्जेची वेगळी तपासणीही टळली. टप्प्याच्या आकड्यापुढे त्यांनी इंग्रजी ‘बी’ हे अक्षर लिहिले. ते कशासाठी, असे मी विचारले.

“तुमच्या रात्रीच्या घामासाठी,” ते म्हणाले.