वाणाचे डबे आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा

या वर्षी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना नुसता तिळगूळ देऊन वाटेला लावायचं नाही, असं मी ठरवलं होतं. थोडं प्लॅस्टिकवर बोलायचं, थोडं हवामानबदलावर. वर्तमानपत्रातली कात्रणंही काढून ठेवली होती.

दोन मिनिटंही झाली नसतील, तोच दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी हातातलं वाण उलटंसुलटं करत म्हणाल्या, "काकू, पण हे कशाचं आहे?"

प्लॅस्टिकचे डबे. झाकणावर गुलाबी फुलं. डिसेंबरातच पस्तीस नग घाऊक आणले होते, स्वस्त पडले म्हणून. अख्खी खोली हसली. मीही हसले, काय करणार! कात्रणं गुपचूप उशीखाली सारली.

पण खऱ्या गप्पा तिथूनच सुरू झाल्या. बदलापुरात चार बायका जमल्या की २०१९ चा पूर निघतोच. २६ जुलैच्या रात्री उल्हास नदी चढली आणि वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मला आठवतात ती पाणी ओसरल्यानंतरची काठावरची झाडं. फांद्याफांद्यांना पिशव्या अडकलेल्या, काळ्या, निळ्या, दुधाच्या, माझ्या डोक्याच्याही वर. पाणी कुठवर चढलं होतं ते कुणाला विचारायची गरजच नव्हती.

"पाऊस आमच्या वेळीही पडायचा," तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "पण असा एकदम अंगावर यायचा नाही." त्यांची नात बारावीला आहे. ती म्हणाली, हवा एका अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून कोसळतो तेव्हा धो धो कोसळतो. आजी म्हणाल्या, "मग मी काय वेगळं सांगितलं?"

२००५ मध्ये सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नाले पिशव्यांनी तुंबले म्हणून केवढी ओरड झाली होती. पुढे २३ जून २०१८ पासून राज्यात मोठी बंदी लागू झाली, पहिल्याच वेळी ५ हजार दंड. तरी आमचा भाजीवाला गाडीखालून पिशवी काढून देतोच. त्याला एकट्याला बोलण्यात अर्थ नाही, हात हलवत बाजारात जातो आपणच.

कामाचं बोलल्या त्या आमच्या कचऱ्यावाल्या मावशी. तिळगूळ घ्यायला आल्या होत्या, दारातच उभ्या. आत या म्हटलं तर "पाय खराब आहेत" म्हणून येईनात. म्हणाल्या, "दुधाच्या पिशव्या धुऊन दिल्यात तर भंगारवाला वजनावर घेतो. पण तो कापलेला कोपरा कोण वेचणार, ताई? नखाएवढा असतो. गटारातच जातो." मग दोन बोटांची कात्री करून दाखवली: काप अर्धाच द्यायचा, कोपरा पिशवीला लटकता ठेवायचा.

इतकी वर्षं मी ओटा पुसताना तो तुकडा फडक्यानं सरळ मोरीत ढकलत आले.

आता पिशव्या धुऊन खिडकीच्या गजाला वाळत घालते. शनिवारी मावशी घेऊन जातात. आमच्या ह्यांना मात्र अर्धा काप जमत नाही. सकाळचा पहिला चहा तेच करतात, आणि तो कोपरा मला सिंकच्या जाळीला चिकटलेला सापडतो. डबे अजून बारा उरलेत.