गरम पावाचा धंदा: आमची वाटचाल

जळगावात बर्गर पहिल्यांदा कोणी विकला, या वादात मला पडायचं नाही. बेकरीच्या बनपावात टिक्की कोंबून वर सॉस ओतणारे आमच्या आधीही होते. पण पाव आतून लोण्यात भाजायचा, टिक्की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर तव्यावर दाबायची आणि बर्गर हातात गरम द्यायचा, ही पद्धत कॉलेजकडच्या रस्त्यावर आम्ही सुरू केली. 2009 साली हातगाडी लावली तेव्हा लोक विचारायचे, वडापाव का नाही विकत? वडापाव विकणारे पुष्कळ होते आणि चांगले होते. मला वेगळं काही करायचं होतं आणि ते मी करून दाखवलं.

या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको की बर्गर म्हणजे आधी पाव. टिक्की कोणीही सुधारू शकतो. पाव बेकरीवाल्याच्या हातात असतो. बाजारात मिळणारा बन गोड, फुगीर आणि आतून भुसभुशीत. तव्यावर ठेवला की लोणी पिऊन बसतो आणि दुसऱ्या घासाला तुटतो. मला हवा होता चार इंची, कणीक तोलताना साठ ग्रॅमचा, साखर कमी, वरून तीळ. तीन बेकऱ्यांनी एवढ्याशा मालासाठी साचे बदलायला नकार दिला. शेवटी लाकडाच्या भट्टीवाल्या एका चाचांनी ऐकून घेतलं. त्यांची बेकरी खारी, टोस्ट आणि नानकटाईची. त्यांनी पत्रेवाल्याकडून साचे ठोकून घेतले, तेही स्वतःच्या पैशानं. मी पैसे पुढे केले तर म्हणाले, "पहले पाव चलने दे, फिर देखेंगे."

चाचांबद्दल मी थोडं लिहून थांबणार नाही. जळगावचा उन्हाळा ज्याला माहीत आहे त्याला कळेल की पंचेचाळीस अंशांत पाव करणं काय असतं. पीठ मळून ठेवलं की बघता बघता फुगून आंबतं. चाचा मे महिन्यात मळायच्या पाण्यात बर्फ टाकायचे, खमीर कमी करायचे आणि काम मध्यरात्रीनंतर सुरू करायचे. सकाळी पाव कापला की आत जाळी बारीक आणि सारखी. मैद्याचे भाव चढले तेव्हा मीच त्यांना म्हणालो की वजन पाच ग्रॅमनं कमी करा, दर तोच ठेवू. त्यांनी मान हलवली. "पाव का वजन मत घटाना बेटा, गिराक हाथ से तौलता है." वजन घटलं नाही. त्यांनी स्वतःचा नफा घटवला आणि माझ्या वहीत ते कुठेच दिसू दिलं नाही.

दुसरी गोष्ट तवा. आमचा तवा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरनं कापून दिलेला, चौदा मिलिमीटर जाडीच्या पोलादी प्लेटचा. पातळ तव्यावर एकदम आठ थंड टिक्क्या टाकल्या की तवा गार पडतो, टिक्की तळाला चिकटते आणि उलटताना खपली तव्यावर राहते. जाड प्लेट तापायला वेळ घेते, गॅस खाते, पण एकदा तापली की गर्दीतही दम सोडत नाही. खाली दोन बर्नर, म्हणजे डावीकडे टिक्की आणि उजवीकडे मंद आचेवर पाव. रात्री तवा धुवायचा नाही, खरडायचा, मिठानं घासायचा आणि तेलाचा हात फिरवून झाकायचा. सराटा, म्हणजे टिक्की उलटायचं उलथणं, लोहाराकडून करून घेतलेला, बाभळीची मूठ. वर्षानुवर्षं एकाच हातानं खरडून त्याची धार एका बाजूला तिरकी झाली आहे. नवीन पोरगा कामाला आला की मी आधी त्याच्या हातात सराटा देतो. तो कसा धरतो त्यावरून मला कळतं, टिकेल की नाही.

गाडीवरून आम्ही गाळ्यात आलो. काही वर्षं चांगली गेली.

मग 2018 साली महामार्गाच्या कडेला, आमच्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, एका मोठ्या साखळीचं दुकान उघडलं. नाव लिहीत नाही. काच, एसी, लाल-पिवळे दिवे, दारात फुगे. मॅकडॉनल्ड्सनं भारतातलं पहिलं दुकान 1996 साली दिल्लीत वसंत विहारला उघडलं. त्यांना इथे गोमांस सोडावं लागलं, शाकाहारी स्वयंपाक वेगळा करावा लागला आणि आलू टिक्कीवर यावं लागलं. म्हणजे आपल्याकडच्या ठेल्यावरची टिक्की या कंपन्यांनी उचलली, खोक्यात घातली आणि आपल्यालाच विकली. त्यानंतर आलेल्या सगळ्या साखळ्यांनी तीच वाट धरली. आणि आपल्या गावातली माणसं रांगेत उभी राहून म्हणतात, हा खरा बर्गर. माझ्याकडे पाच-पाच वर्षं खाणारी पोरं मला सांगायची, "भाऊ, आज ब्रँडकडे जाऊन येतो." मग आम्ही कोण? आमच्या पाटीवर नाव नाही का? हा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

चव हरली असती तर मी गप्प बसलो असतो. हरवलं पैशानं. एकावर एक फुकट, कूपन, पेयासोबत सूट. फ्रँचायझीवाल्याला मागून कंपनीचा आधार, जाहिरात कंपनीची. त्यांचा बटाटा कारखान्यातून अर्धवट तळून, गोठवून येतो. गुजरातेत मेहसाण्याला मॅककेनचा तसा कारखाना आहे. त्या बटाट्याची जातच वेगळी, पाणी कमी, साखर कमी. त्यांना बारा महिने एकच रंग मिळतो. आम्ही बाजार समितीतून घेणार. दिवाळीनंतर नवा बटाटा येतो तो पाण्यानं भरलेला, टिक्की फुटते. पावसाळ्यात शीतगृहातला येतो, त्यातल्या पिठाची साखर झालेली असते, बाहेरून काळपट आणि चवीला गोड. त्यावर उपाय आहे. शीतगृहातला बटाटा आणल्या आणल्या वापरू नका. गोणी उघडून सावलीत, हवेशीर जागी दोन आठवडे पसरून ठेवा, साखर उतरते. सालीसकट उकडा, पूर्ण गार करा, मगच किसा. गरम बटाटा मळला की चिकट होतो आणि मग लोक त्यात टोस्टचा चुरा ओतत सुटतात. हे सगळं आम्ही रोज करायचो, आणि साखळीतला पोरगा पिशवी फाडून तेलात टाकायचा.

घरपोच ऑर्डरचं अ‍ॅप त्याच सुमारास गावात आलं. त्यांचा माणूस आला, गोड बोलला. कमिशन वेगळं, सूट द्यायची ती आमच्या खिशातून, आणि दिली नाही तर यादीत नाव खाली. वर कोण? ज्याच्याकडे सूट द्यायला पैसा आहे तो. मी सूट बंद केली त्या आठवड्यापासून आमचं दुकान यादीत शोधावं लागायचं. तक्रार केली, उत्तर आलं ते छापील.

मग आमच्या कामावरची दोन पोरं साखळीवाल्यांनी नेली. दोघांना मी सराटा धरायला शिकवलं होतं. गणवेश, टोपी, महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात पगार. पोरांवर माझा राग नाही, त्यांची घरं आहेत. राग त्या मॅनेजरवर, जो माझ्याच गाळ्यासमोर गाडीवर बसून त्यांच्याशी बोलत होता. त्याच महिन्यात गाळामालकानं भाडं दीडपट मागितलं. म्हणे, आता हा रस्ता ब्रँडचा झाला. करार अकरा महिन्यांचा आणि संपत आलेला.

गल्ला अर्ध्याच्या खाली आला. घरातलं सोनं सराफाकडे गेलं, आणि जळगावसारख्या सोन्याच्या गावात ही गोष्ट लपत नाही. नातेवाईक सांगायला लागले, गाळा सोड, केळीच्या ट्रकचं कमिशनचं काम बघ. मी चाचांकडे गेलो आणि सांगितलं, पाव निम्मा करा, मागचं बिल थोडं थांबवा. त्यांनी वही मिटली. पाव निम्मा आला, पण बिलाचा विषय त्यांनी पुढे सबंध वर्षभर काढला नाही. मी काढला की म्हणायचे, "भट्टी तो वैसे भी जलनी है."

त्याच पावसाळ्यात एक गोष्ट झाली. पूर आला, रस्ते बंद, साखळीची गोठवलेल्या पावाची गाडी अडकली. त्यांचा मॅनेजर चाचांच्या बेकरीत रोख रक्कम घेऊन उभा राहिला, नेहमीपेक्षा जास्त दर बोलला. चाचांना पैशाची गरज होती, मुलीचं लग्न ठरलेलं होतं. त्यांनी मला फोन केला आणि एवढंच विचारलं, "दे दूँ?" मी म्हणालो, नका देऊ. त्यांनी दिला नाही. नंतर लोक मला म्हणाले, मन मोठं करायला हवं होतं. का? माझी पोरं नेताना, माझा रस्ता महाग करताना कोणाचं मन मोठं झालं होतं? आजही तोच प्रश्न आला तर तेच उत्तर देईन.

आम्हाला उभं केलं वांग्याच्या भरतानं. हिवाळा सुरू झाला होता, आसोदा, भादली या गावांकडून भरताची वांगी यायला लागली होती. हिरवी, मोठी, पातळ सालीची, बी कमी. याच वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. चाचा भट्टीच्या उरलेल्या आचेत वांगी भाजत आणि माझ्याच बर्गरच्या पावात भरीत घालून खात. मला एक दिला. मी उभ्या उभ्या तीन खाल्ले आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. सोपं नव्हतं. भरताला पाणी सुटतं, पाव खालून लगदा होतो. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, सोलून, रात्रभर टांगून निथळवली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धूर येत नाही, कोणी सांगितलं तरी करू नका. मिरची-लसूण बडजीत, म्हणजे आमच्याकडच्या लाकडी उखळीत, ठेचायची, कांद्याची पात वरून कच्ची, शेंगदाणे अख्खे. पावाच्या आत खाली कोबीचं पान, म्हणजे रस पावाला लागत नाही. पाव दोन्ही बाजूंनी कडक.

पहिल्या आठवड्यात पोरं हसली, दुसऱ्या आठवड्यात आईवडिलांना घेऊन आली. जे लोक बर्गर म्हटलं की तोंड वाकडं करायचे, ते धोतर-टोपीतले आजोबा बाकावर बसून खायला लागले. अमळनेरहून येणारे एक गृहस्थ अजून येतात, दोन खातात, चार बांधून नेतात. एकदा साखळीच्या दुकानातून फिरून आले आणि म्हणाले, "भाऊ, त्यासना पाव थंडा राहस." माझ्यासाठी तेवढी जाहिरात पुरली.

पुढच्या हिवाळ्यात साखळीच्या दुकानावर पाटी लागली, "खान्देशी तडका बर्गर". आत काय, तर नेहमीचीच टिक्की आणि पिशवीतला लाल सॉस. वांगं नाही, ठेचा नाही. खान्देशचं नाव मात्र मोठ्या अक्षरात. मी जाऊन खाल्ला, अर्धा टाकला. तो चालला नाही, काही महिन्यांत पाटी उतरली. आमचा भरीत बर्गर नोव्हेंबर ते फेब्रुवारी मिळतो, त्यानंतर मागू नका. उन्हाळ्यातल्या वांग्याला ती चव नसते आणि गोठवलेलं भरीत मी विकणार नाही.

2020 चं टाळेबंदीचं वर्ष सगळ्यांचंच वाईट गेलं, त्यावर वेगळं लिहीत नाही. सराफाकडचं सोनं परत आलं. चाचांचं बिल फिटलं. त्यांच्या भट्टीवर आता मुलगा उभा राहतो, वजन तेच आहे.

नवीन मुलं विचारायला येतात म्हणून काही गोष्टी लिहून ठेवतो. गाळ्याचा करार तीन ते पाच वर्षांचा करा आणि नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे लेखी करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, हे त्याला आठवण करून द्या. तळणाच्या तेलाचं नीट बघा. 1 जुलै 2018 पासून एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे, तेलातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं वाढणारे खराब घटक) पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही. तपासायच्या पट्ट्या मिळतात. तेल काळं झालं, फेस धरला, की पट्टीची वाटही बघू नका. अ‍ॅपवर धंदा करायचा तर करा, पण दुकानातला दर आणि तिथला दर वेगळा ठेवा आणि कमिशन धरूनच हिशोब मांडा. बेकरीवाल्याचे पैसे आधी द्या, बाकी सगळ्यांचे नंतर. आणि फ्रँचायझी घ्यायला निघाला असाल तर आधी त्यांच्याच एखाद्या जुन्या दुकानदाराकडे जाऊन बसा, कंपनीच्या कार्यालयात नाही.

भुसावळला स्टेशनच्या बाजूला दुसरा गाळा बघितला आहे. तवा त्याच फॅब्रिकेटरकडे टाकला आहे, यावेळी सोळा मिलिमीटरचा, कारण तिथे गाडी लागली की गर्दी एकदम येते. पाव जळगावहूनच जाईल, पहाटेच्या गाडीनं. काम शिकायचं असेल त्यानं दुपारी तीन ते पाचमध्ये यावं, तेव्हा तवा मोकळा असतो. भरताच्या दिवसांत संध्याकाळी येऊ नये, बोलायला वेळ मिळत नाही.