छोटा दर्राचा साडेचार हजारांचा बोल्ट

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकीचं वाचलं नाही तरी चालेल. कॅम्परचा हौदा सजवून हिमाचलातल्या स्पितीला जाणार असाल तर गॅरेजवाल्याचं ऐकून हेल्पर पाटा, म्हणजे मागच्या कमानीत जादा पोलादी पट्टी, टाकू नका. आणि टाकलाच, तर पाट्यांची चळत एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट स्वतःच्या हाताने पुन्हा आवळल्याशिवाय जिल्हा सोडू नका.

गाडी बोलेरो कॅम्पर, डबल केबिन, टू व्हील ड्राइव्ह. आमचं गाव निफाड तालुक्यात, त्यामुळे एरवी हिच्यात द्राक्षाचे क्रेट आणि औषधांचे ड्रम असतात. छाटणीच्या आधी सप्टेंबरात पंधरा दिवस मोकळे मिळतात, तेवढ्यात जाऊन यायचं होतं. फोर बाय फोर नाही म्हणून गावातल्या अर्ध्या लोकांनी वेड्यात काढलं. ज्या रस्त्याने हिमाचलची सरकारी बस जाते त्या रस्त्याने कॅम्परही जाते. त्या बाबतीत गाडीने मला एकदाही दगा दिला नाही. जो दगा झाला तो मी स्वतः पैसे देऊन बसवून घेतलेला होता.

दोन वर्षं व्हिडिओ पाहत होतो. पिकअपमध्ये पलंग, ड्रॉवर, दिवे, नळ, सगळं काही. त्या सगळ्या गाड्या डांबरावर नाहीतर हिरवळीवर उभ्या असतात, हे परत आल्यावर लक्षात आलं. पाहून पाहून जे केलं ते असं: हौद्यावर एक इंची स्क्वेअर पाइपचा सांगाडा, त्यावर दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती एसीपी शीट, आत प्लायचा पलंग आणि खाली टेलिस्कोपिक चॅनेलवर दोन ड्रॉवर. शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, टपावर सोलर पॅनेल, बाजूला चार इंची पीव्हीसी पाइपचा शॉवर. हौद्याची लांबी माझ्या उंचीला पुरत नाही, म्हणून फाळका उघडून त्यावर फळी सरकवायची आणि पायांवर ताडपत्रीची झोळी. खर्च ६८ हजार. सुताराची आणि वेल्डरची मजुरी त्यातच धरली आहे, माझ्या दीड महिन्याच्या संध्याकाळी धरलेल्या नाहीत.

सांगाडा चासिसला किंवा बॉडीला वेल्ड करू नका. हौद्याच्या आकड्यांना नट-बोल्टने बांधा, चार माणसांनी उचलून खाली ठेवता आला पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड आहे, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. पुढे लोखंडी बुलबार लावायचा मोह आवरा, २०१७ च्या डिसेंबरपासून तेही बेकायदेशीर आहे. वाटेत दोनदा अडवलं, दोन्ही वेळा बोल्ट दाखवून सुटलो.

आता पाटा. निघण्याआधी गाडी वजनकाट्यावर नेली, एकदा रिकामी, एकदा भरलेली. मी आणि सोबत येणारा मेहुणा सोडून फरक आला ४८० किलो. हजार किलोची गाडी आहे, बागेतून याच्या दुप्पट माल हिने वर्षानुवर्षं ओढलाय. हा हिशोब मला समोर दिसत होता. तरी गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, डोंगरात चाललाय, मागून बसेल गाडी. एकेक पाटा टाकू," आणि मी मान हलवली. त्याने दोन्ही बाजूंना नवे पाटे टाकले, वर काळा चकचकीत रंग मारून दिला. दिसायला फार छान. यू-बोल्ट मात्र जुनेच. पाट्यांची चळत जाड झाली, त्यामुळे नट जेमतेम शेवटच्या आट्यांवर बसले होते. हे मी पाहिलं होतं. पाहून गप्प बसलो.

निफाड ते मनाली साधारण अठराशे किलोमीटर, चार दिवस. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, रस्ता चांगला आहे. फक्त मागून गाडी आधीपेक्षा जास्त आदळते असं मेहुणा इंदूरपासून म्हणत होता. "दाजी, हिला कमानी आहेत का फळ्या?" मी म्हटलं, नवे पाटे आहेत, बसतील हळूहळू.

पाचव्या दिवशी पहाटे पाचला मनाली सोडलं, अटल बोगद्यातून पलीकडे, कोकसरवरून ग्राम्फू. इथून पुढे चंद्रा नदीच्या काठाने बातलपर्यंत साधारण ५० किलोमीटर. याला रस्ता म्हणायची पद्धत आहे म्हणून मीही म्हणतो. नदीतले गोटे, त्यावर वाहणारे नाले, मध्येच रुंदीकरणाचं काम, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. नाले सकाळी दहा-अकराच्या आत ओलांडायचे हे खरंच पाळा. वर ऊन लागलं की बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्यापर्यंत येतं. छतरूपर्यंत आम्ही वेळेत होतो.

छोटा दर्रा या वाटेतल्या ठिकाणाच्या अलीकडे मागून खर्र-खर्र आवाज यायला लागला. आधी वाटलं ड्रॉवर असेल, कारण ड्रॉवर ग्राम्फूपासूनच उघडून पडत होते. मग स्टेअरिंग सरळ धरूनही गाडी तिरकी जायला लागली, खेकड्यासारखी. मेहुणा उतरून चालत मागे गेला आणि ओरडला, "दाजी, थांबवा! चाक मागं सरकलंय!"

खाली वाकून पाहिलं. डावा एक्सल पाट्यावरून दोन बोटं मागे सरकला होता आणि टायर मडगार्डच्या कडेला घासून रबराचा भुगा पडला होता. यू-बोल्टचे नट हाताने फिरत होते. पाना नको, काही नको, नुसत्या हाताने. झालं असं होतं की नव्या पाट्यावरचा तो चकचकीत रंग दोन पाट्यांमध्ये दाबला गेला, घासून उडाला आणि त्याच्या जाडीइतकी जागा रिकामी झाली. पकड सैल पडली. मग सगळा भार मधल्या सेंटर बोल्टवर आला. त्याचं काम पाट्यांची चळत एका रेषेत ठेवायचं, एक्सल ओढायचं नाही. तो तुटला. नंतर त्याचं डोकं हातात आलं तेव्हा तुटलेला भाग अर्धा गंजलेला आणि अर्धा चांदीसारखा चमकत होता. म्हणजे तडा कधीच गेला होता, त्या दिवशी फक्त उरलेला अर्धा गेला.

मोबाइलला रेंज नाही. माझ्याकडे टायर पंक्चरचं किट, कॉफीचं भांडं, रंगीत एलईडीची पट्टी आणि तीन प्रकारचे दोर होते. सेंटर बोल्ट नव्हता. बातलकडे जाणाऱ्या एका ट्रकवाल्याच्या हाती निरोप दिला. अडीच तासांनी पिकअप घेऊन एक मिस्त्री आला. कुठला, कोण, ते लिहीत नाही. पाहिलं, हसला आणि सात हजार म्हणाला.

मी भांडलो. दुकानात पन्नास-साठ रुपयांना मिळणारा बोल्ट. तो म्हणाला, दुकान मनालीत आहे, जा घेऊन या. साडेचार हजारांवर तुटलं. मला आजही ती लूट वाटते आणि मेहुण्याला आजही वाटत नाही. त्याचं म्हणणं, बोचऱ्या वाऱ्यात नाल्याच्या पाण्यात उताणं पडून तीन तास काम केलं त्या माणसाने, आणि चूक त्याची नव्हती. असेल. तरी साडेचार हजार!

काम मात्र त्याने नीट केलं. चासिसखाली जॅक लावून भार उचलला, यू-बोल्ट सोडले, नवा पाटा काढून बाजूला फेकला. "हा कशाला?" एवढंच विचारलं. जुन्या पाट्यांवरचा उरलेला रंग कानशीने खरवडून धातू उघडा केला, डब्यातून एक जुना सेंटर बोल्ट काढला, लांब होता तो हॅक्सॉने कापला. एक्सल टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, ढकलून भोकात बसवला. मग उजव्या बाजूचाही पाटा काढला, कारण एका बाजूला कडक आणि एका बाजूला मऊ अशी गाडी वळणावर झुकते. पाटे निघाल्यावर जुन्या यू-बोल्टला पुन्हा भरपूर आटे मिळाले. नट आवळताना एकदा इकडचा, एकदा तिकडचा, असे फुलीच्या क्रमाने आवळले. तिथून निफाडपर्यंत मी रोज सकाळी ते तपासले, एकही हलला नाही. गाडीही मऊ झाली.

तेव्हा सोबत काय न्यायचं ते ऐका. दोन सेंटर बोल्ट, नटांसकट एक यू-बोल्टचा सेट, पान्यावर चढवायला दोन फुटांचा पाइप, बॉटल जॅक आणि त्याच्याखाली ठेवायला जाड लाकडी फळी, कारण गोट्यांमध्ये जॅक बुडतो. दोन रॅचेट पट्टे, बाइंडिंग वायर, एम-सील. पाट्यांचं कोणतंही काम केलं असेल तर पाचशे किलोमीटरवर आणि हजारावर यू-बोल्ट पुन्हा आवळा. मी हे इंदूरमध्ये केलं असतं तर हा वृत्तांत बराच छोटा झाला असता.

बातलला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. ग्राम्फूपासून ५० किलोमीटरला अकरा तास. हौदा उघडला आणि मेहुणा नुसता बघत राहिला. गाद्या, पांघरुणं, तांदूळ, सगळ्यावर पिठासारखी करडी धूळ, चांगली बोटभर. मी फाळक्याला दुहेरी रबर बीडिंग लावलं होतं, तरी. कारण असं की चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागची धूळ मिळेल त्या फटीतून आत ओढली जाते. फटी कितीही बुजवा, एखादी राहतेच. उपाय उलटा आहे. हौद्यावरच्या टोपणाच्या पुढच्या बाजूला वर एक तोंड ठेवायचं, त्यातून चालताना हवा आत घुसते आणि फटींतून बाहेर पडते, म्हणजे धूळ बाहेरच राहते. हे मला काझात सुचलं, आणि त्याला लागणारा चार इंची एल्बो, म्हणजे पाइपचा काटकोनी तुकडा, आयता मिळाला, कारण तोवर शॉवर मेला होता.

शॉवरची गंमत अशी. चार इंची पाइपमध्ये मीटरला साडेआठ लिटर पाणी मावतं. माझा पाच फुटांचा, म्हणजे तेरा लिटर. काळा रंग मारला की उन्हात पाणी तापतं, असं व्हिडिओत म्हणतात. तापतंही, राजस्थानात. चंद्रताल तलावाजवळ ४,२०० मीटरच्या वर सप्टेंबरातली रात्र उण्यात गेली, पाणी गोठलं, फुगलं आणि सकाळी शेवटची टोपी फुटलेली मिळाली. एल्बो वाचला. काझात पुढच्या शीटला भोक पाडून तोच बसवला, आत जाळी आणि एअर फिल्टरचा स्पंज कोंबला. तिथून पुढे धूळ अगदी नाही असं नाही, पण झटकली की जाईल इतकीच. घरी तपासायचं असेल तर रात्री हौद्यात टॉर्च लावून हौदा बंद करा आणि बाहेरून फिरून पाहा. जिथून उजेड येतो तिथून धूळ येणार.

लिथियम बॅटरीबद्दलही कुणी सांगितलं नव्हतं. शून्याखाली ती चार्ज होत नाही, आतली यंत्रणा चार्जिंग तोडते. सकाळी लख्ख ऊन पॅनेलवर पडलेलं आणि मीटरवर शून्य. मी वायरिंग उघडून बसलो दोन तास, फुकट. बॅटरी हौद्यात न ठेवता केबिनमध्ये मागच्या सीटखाली ठेवा, एवढंच पुरतं. भात कुकरशिवाय शिजत नाही, चंद्रतालच्या उंचीवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं. आम्ही उघड्या पातेल्यात तासभर प्रयत्न केला आणि शेवटी कच्चाच खाल्ला.

ड्रॉवर: पैसे पाण्यात. चॅनेलमधल्या गोळ्या दुसऱ्या दिवशीच सांडल्या. त्याऐवजी द्राक्षाचे प्लास्टिकचे क्रेट, जे माझ्या शेडमध्ये दोनशे पडून आहेत, ते पलंगाखाली सरकवून पट्टा मारायचा. आदळत नाहीत, धुता येतात, उलटे केले की बसायला होतात. प्लाय १२ मिमीचा घ्या. सुतार १९ चाच आग्रह धरेल, माझ्या सुतारानेही धरला होता. ८ बाय ४ ची १९ मिमीची शीट एकटीच ३५-४० किलोची असते. सोलर पॅनेल चांगलं. पायांवरची ताडपत्रीची झोळी पायांना थंड करते, पण चालते. रंगीत एलईडीबद्दल मेहुण्यापाशी बोलू नका.

कुंझुमची खिंड, लोसर, काझा व्यवस्थित. काझात पंप आहे, टाकी भरून घ्या. परतताना ताबो, नाको, किन्नौरमार्गे सिमल्याला उतरलो. तो रस्ता इतका बरा आहे की सांगण्यासारखं काही उरत नाही. पहिल्यांदा जात असाल तर उलटं करा, सिमल्याकडून चढा. उंची हळूहळू वाढते, डोकं दुखत नाही, आणि गाडीत काही सैल असेल तर ते मिस्त्री आणि दुकान असलेल्या गावात कळतं.

काढलेले दोन्ही पाटे मी घरापर्यंत आणले, मिस्त्रीला फुकट द्यायचे नव्हते म्हणून. गॅरेजवाल्याने परत घेतले नाहीत. गावच्या लोहाराला दिले. पाट्याचं पोलाद त्याला हवंच असतं, त्याने एकातून दोन कोयते करून दिले. धार झकास लागलीय.