चवथीत गीझर मंद का पडतो: मोजून काढलेला हिशेब

गोव्यात वाळपईच्या पुढे, विजेच्या लायनीच्या अगदी टोकाला आमचं घर. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली की मुंबई-पुण्याची मंडळी घरी येतात, वाड्यावरचे पंप, मिक्सर, पंखे एकदम सुरू होतात आणि संध्याकाळी गीझरचं पाणी तापता तापत नाही. "व्होल्टेज कमी झालं की गीझर जास्त करंट ओढतो, बिल फुगणार," असं काकांचं ठाम मत. यंदा म्हटलं, मोजूनच बघू.

पुतण्या आयटीआयत इलेक्ट्रिशियनचं शिकतो. त्याच्याकडचा क्लॅम्प मीटर वायर न कापता करंट दाखवतो, फक्त चिमट्यात एकच वायर हवी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर जाणारा-येणारा करंट एकमेकांना खोडतो आणि आकडा शून्य येतो. म्हणून त्याने मेन बंद करून बोर्ड उघडला आणि गीझरच्या एमसीबीची (जास्त करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचची) फेज तेवढी चिमट्यात घेतली. उघड्या बोर्डाचं काम त्याचं, वही माझी. व्होल्टेज गीझर चालू असतानाच घेतलं. भार नसतानाचा आकडा फसवा असतो.

सकाळी 228 व्होल्ट, 8.6 अँपिअर. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध: 26.5 ओहम. दोन्हींचा गुणाकार म्हणजे पॉवर: 1961 वॉट. पाटीवर 2000 वॉट, 230 व्होल्ट लिहिलंय, म्हणजे गीझर ठणठणीत.

संध्याकाळी आरतीच्या सुमारास 194 व्होल्ट आणि करंट 7.3. काका मीटरकडे बघतच राहिले. रोध पुन्हा 26.6, म्हणजे जवळपास तोच. पॉवर मात्र 1416 वॉटवर आलेली. व्होल्टेज पंधरा टक्के घसरलं की करंटही तेवढाच घसरतो, आणि दोन्हींचा गुणाकार असल्यामुळे पॉवर थेट अठ्ठावीस टक्क्यांनी जाते. पंधरा लिटर पाणी 26 अंशांवरून 45 वर न्यायला सकाळी दहा मिनिटं लागतात, ते संध्याकाळी चौदा मिनिटं घेतं. पाण्यात जाणारी ऊर्जा तीच, साधारण एक तृतीयांश युनिट, त्यामुळे बिलाची भीती तशी फुकटच.

मग विहिरीवरचा अर्ध्या एचपीचा पंप मोजला, आणि इथे काकांची सरशी झाली. सकाळी 3.2 अँपिअर घेणारा पंप संध्याकाळी 3.6 घेत होता. मोटरला पाणी तेवढंच उचलायचं असतं, व्होल्टेज कमी मिळालं तर ती जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं. पंपाच्या बाबतीत मी रोध काढलाच नाही. मोटरमध्ये व्होल्टेज भागिले करंट हा नुसता तारेचा रोध नसतो, आणि व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॉटही नव्हेत. मध्ये पॉवर फॅक्टर येतो, म्हणजे त्या गुणाकारातला किती भाग खरी पॉवर होतो त्याचं प्रमाण. वह्या भरून हिशेब करणारे इथेच अडकतात.

पुतण्याने हौसेने देवघरातला जुना 100 वॉटचा बल्बही काढून मल्टिमीटरला लावला. हिशेबाने 529 ओहम यायला हवेत, आले चाळिसाच्या आसपास. थंड फिलामेंटचा रोध पेटलेल्यापेक्षा कितीतरी कमी असतो. गीझरच्या कॉइलमध्ये असा फरक फारसा पडत नाही, म्हणून आमचे सकाळ-संध्याकाळचे आकडे जुळले.

आता चवथीच्या दिवसांत टाकी सकाळीच भरतो. संध्याकाळच्या आंघोळीसाठी गीझर जरा आधी लावायचा, एवढंच.