आमची वाटचाल : मालकाला वळण लावणारी माणसं

आमची फाउंड्री कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आहे. पंपाच्या बॉडी, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरचे काही पार्ट असं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काम करतो. वडिलांनी शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये सुरुवात केली तेव्हा कोल्हापूरच्या ऑइल इंजिनांचा जमाना होता. पुढं स्वतःची जागा झाली, कपोला म्हणजे कोळशाची उभी भट्टी गेली, विजेवरची इंडक्शन फर्नेस आली. यंत्रांचा इतिहास एवढाच, आणि तो थोड्याफार फरकानं इथल्या प्रत्येक फाउंड्रीचा आहे. मालक कामगारांना घडवतो असं सगळे म्हणतात. आमच्याकडं कामगारांनी दोन मालक घडवले, ते मला सांगायचंय.

वडील सकाळी गेटातून आत आले की पहिला प्रश्न, "काल किती टन?" सुपरवायझरांनी ते केव्हाच हेरलं होतं. चहा यायच्या आधी टनाचा आकडा तयार. ब्लो होलवाले, म्हणजे आत वायूची भोकं पडलेले, आणि वाळू धरलेले पार्ट रात्रपाळीतच फोडून परत भट्टीत जायचे, आणि एकदा रस झाला की काल तो काय होता हे कोण विचारणार? खोटं कुणीच बोलत नव्हतं, ओतलेले टन खरेच होते. फक्त मालकाचा चेहरा कशानं खुलतो तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचत राहिलं. मग वडीलही टनावरच निर्णय घ्यायला लागले. जाड, जड, सोपं काम घ्यायचं. पातळ भिंतीचं, कोअरचं (पार्ट आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा) काम आलं की "आपलं नाही ते" म्हणून परत पाठवायचं. कंपनीनं कुठलं काम करायचं हे असं कितीतरी वर्षं चहाच्या कपाशेजारी ठरत गेलं.

माझ्या वाट्याला मोल्डिंगचे मिस्त्री आले. वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची, गोळा अंगठ्यानं मोडायचा आणि मोडलेली कड बघायची, ही त्यांची लॅब. एकदा आमच्या लॅबचा कागद चोख होता, ओलावा साडेतीन टक्के. मिस्त्रींनी गोळा मोडला नि हात झटकले. "मालक, रिपोर्ट बरुबर हाय. पर वाळू गरम हाय." साच्यातून फिरून आलेली वाळू थंड न होता मिक्सरला गेली की नमुना घेताना असलेलं पाणी साचा बंद होईपर्यंत उडून जातं, कडा भुसभुशीत होतात आणि रस ओतला की ती वाळू कास्टिंगमध्ये जाते. इकडं फर्नेसमध्ये रस 1400 अंशांच्या आसपास तयार, धरून ठेवायचा तर विजेचा मीटर पळतोय. मिस्त्री हाताची घडी घालून उभे राहिले. त्यांच्याकडं बघून अख्खी लाईन उभी. ऐकलं यात माझा मोठेपणा काही नाही, सगळी लाईन थांबल्यावर मालक एकटा काय ओतणार? सँड कूलर घेतला तो त्यानंतर, आणि लाईन थांबवली म्हणून कुणाचा पगार कापायचा नाही हेही त्याच दिवशी न बोलता ठरून गेलं.

कोअर शॉपमध्ये बहुतेक बायका आहेत. फुटलेले कोअर त्या कोपऱ्यात सारत नाहीत, माझ्या येण्याच्या वाटेवर फळीवर मांडून ठेवतात. "दादा, ह्यो बघा, हात लावला की भुगा व्हतोय. बाइंडरवाल्याला फोन करा आधी." बाइंडर म्हणजे कोअरची वाळू धरून ठेवणारं चिकटण. माझी फेरी आता तिथनंच सुरू होते. वडील परत पाठवायचे ती व्हॉल्व्हची कामं आज आम्ही करतो, त्यात माझ्या हुशारीपेक्षा त्या फळीचा वाटा मोठा.

2019 च्या महापुरात हायवे बंद पडला तेव्हा कुणी यायचं, कुणी घर सांभाळायचं हे ठरवताना माझी तारांबळ उडाली. 2021 ला पाणी चढायला लागलं तशी कामगारांनीच नदीकाठच्या गावांप्रमाणे केलेली यादी माझ्या टेबलावर आली. मी फक्त उचल मंजूर केली.

पण ही माणसं मला नेहमी चांगल्याच दिशेला ओढतात असं नाही. फेटलिंगला, म्हणजे ओतलेले पार्ट घासून साफ करायला, बिहार-ओडिशाची पोरं, मोल्डिंगला आसपासच्या गावची, अशी एक भिंत आमच्याकडं आहे. त्यातला एक पोरगा मोल्डिंगला सरस निघेल असं मला वाटतं. विषय काढला की मिस्त्रींसकट सगळे गप्प होतात, आणि त्या गप्प बसण्यापुढं मी दोनदा माघार घेतलीय. मिस्त्री निवृत्त व्हायच्या आत हे मार्गी लावायचंय, कारण ते "घ्या" म्हणाले तरच तो पोरगा तिथं टिकेल.

आता नवीनच सुरू झालंय. मी आल्या आल्या रिजेक्शन, म्हणजे बाद झालेला माल किती, ते विचारतो हे सगळ्यांना पाठ झालंय. त्यामुळं रिजेक्शनचा आकडा झकास उतरलाय, आणि शेडच्या मागं 'तपासणी बाकी' नावाचा एक ढीग वाढतोय. तो ढीग उचलून कोअर शॉपच्या वाटेवर लावायला परवाच सांगितलंय. सुपरवायझर म्हणाले, "तिथं जागा न्हाई, दादा." बघू.