शब्दाची जागा हलवू नका

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे आणि तोंडाने मोजकेच शब्द बोलतो. बाकीचे बोलणे तो टॅब्लेटवरच्या कळा दाबून करतो. घरात आम्ही त्या टॅब्लेटला 'टॉकर' म्हणतो. आम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहतो. अशी यंत्रे बनवणारी प्रेंटकी रोमिच ही कंपनी याच राज्यात १९६६ मध्ये सुरू झाली, हे मात्र टॉकर घरी आल्यावर कळले.

आम्ही 'लॅम्प' नावाची पद्धत वापरतो. तिच्यात चित्रापेक्षा शब्दाच्या जागेला महत्त्व असते: एका शब्दाकडे जाणारी बोटाची वाट एकच, आणि ती कधीही बदलायची नाही. सुरुवातीला थोडेच शब्द दाखवून बाकीचे झाकून ठेवतात, पण दिसणारे शब्द पहिल्या दिवसापासून आपापल्या कायमच्या जागीच असतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी टंकलेखन करणाऱ्याला वेलांटीची कळ कुठे आहे असे एकदम विचारले, तर तो हवेत बोटे हलवून उत्तर शोधतो. तसेच हे आहे. उच्चार करताना जीभ कुठे टेकवायची याचा आपण विचार करत नाही, आणि बोटालाही तेवढीच सवय व्हावी, असा यामागचा हेतू आहे.

एका शनिवारी तो कढईतल्या पोह्यांकडे पाहत उभा होता आणि पडद्याकडे न बघताच त्याने 'आणखी'साठीचा इंग्रजी शब्द दाबला. त्या एका शब्दासाठी मी काही महिने रोज जेवताना स्वतः तीच कळ दाबून, तोंडाने तोच शब्द म्हणत आले होते.

पुढे शाळेत कोणीतरी, चित्रे मोठी दिसावीत अशा सद्भावनेने, पानाची मांडणी बदलली. 'आणखी'च्या जागी 'संपले' आले. मुलगा जुन्याच जागी बोट ठेवत राहिला आणि त्याच्यासमोरची ताटली उचलली जात राहिली. तिसऱ्या दिवशी त्याने टॉकर भिंतीवर आपटला, तेव्हा 'त्याला यंत्र वापरता येत नाही' असा निरोप घरी आला. त्याला ते येत होते; चूक मांडणीची होती. जुनी मांडणी जपून ठेवलेली असल्यामुळे ती परत चढवता आली, हे नशीबच.

मराठीचा प्रश्न वेगळा आणि अधिक अवघड आहे. 'घर'चे 'घरी', 'घरात', 'घराला' होते. प्रत्येक रूपाला नवी कळ दिली तर पडदा भरून जातो, आणि प्रत्यय वेगळे ठेवले तर 'घराला'मधला मधला 'आ' कुठून आणायचा, हे कोणीतरी ठरवावे लागते. मी तूर्त नामांवरच थांबले आहे. अमेरिकन आवाज 'पोहे' धड म्हणत नसल्यामुळे तो शब्द आमच्या आईच्या आवाजात नोंदवून घेतला. व्हिडिओ कॉलवर आई दर वेळी सुचवते की नातवाच्या आवडीचे शब्द वरच्या ओळीत आणावेत, आणि मी दर वेळी नाही म्हणते. 'पोहे' खालच्या ओळीत, डावीकडून तिसऱ्या जागी आहेत आणि तिथेच राहणार आहेत.